राक्षसाचा जीव पोपटातच राहू दे

गेल्या अंकात या पानावर आम्ही विचारलं होतं, की लहानपणी लागलेली वाचनाची कुठली सवय तुमची अजून सुटलेली नाही. मला वाटलेलं रहस्यकथा येतील, शिकारकथा येतील, कुणीतरी आवर्जून ज्ञानेश्वरी लिहील. आल्या त्या पऱ्या, राक्षस, चेटकिणी आणि सावत्र आया. मग म्हटलं, या महिन्याचं पान त्यांनाच देऊन टाकू. जागेसाठी पत्रं थोडी कापलीयत, भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

ताई, नमस्कार. मी बँकेत होते, आता रिटायर. लहानपणी आमच्याकडे चांदोबा यायचा, आणि मामा मुंबईहून ती रशियन पुस्तकं आणायचा, त्यातली कोंबडीच्या पायांवर उभी असलेली झोपडी मला अजून दिसते. तेव्हापासून परीकथा काही सुटल्या नाहीत. आता तर किंडलवर नव्या रूपातल्या मिळतात, सिंड्रेला यंत्राची वगैरे, आणि मी रात्री उशिरापर्यंत वाचत बसते. मुलगा म्हणतो, आई, तुझ्या वयाच्या बायका गीता वाचतात. आमच्या वाचक ग्रुपमध्ये सगळ्या आत्मचरित्रं वाचतात, माझी पाळी आली की मी कुठलंतरी खोटंच नाव सांगते. हा पोरकटपणा आहे का? आणि दुसरं, काही नवी रूपं वाचून मजा येते आणि काही वाचून नुसती चिडचिड होते, असं का होतं ते मला सांगता येत नाही.
– एक वाचक, म्हापसा

खोटं नाव सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही हो. शार्ल पेरोनं १६९७ साली पॅरिसमध्ये सिंड्रेला, लाल टोपीवाली, झोपलेली राजकन्या या सगळ्यांचं पुस्तक काढलं तेव्हा हा माणूस फ्रेंच अकादमीचा सभासद, वय सत्तरीला टेकलेलं, आणि अर्पणपत्रिकेखाली सही कुणाची तर मुलाची! का केलं असेल यावर विद्वान अजून भांडतात, पण एवढं खरं की त्या वयात त्यानं हे लिहिलं, आणि आज त्याचं बाकीचं गंभीर लेखन कोण वाचतंय सांगा.

मुळात या गोष्टी पोरांच्या कधी नव्हत्याच. पेरोच्या काळात पॅरिसच्या सलॉनमध्ये, म्हणजे घरगुती साहित्यिक बैठकांत, मोठ्या घरच्या बायका एकमेकींना त्या सांगायच्या, त्यात जबरदस्तीच्या लग्नांवर, म्हाताऱ्या नवऱ्यांवर टोमणे असायचे. त्याच्याही आधी नेपल्समध्ये बाझीले या लेखकाचा संग्रह आला, १६३४ ते ३६ च्या दरम्यान, त्यातली झोपलेल्या राजकन्येची गोष्ट तुम्ही नातीला वाचून दाखवायला घेतलीत तर दुसऱ्या पानावर पुस्तक मिटाल. आपल्याकडे बघा, सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये कथासरित्सागर रचला तो राणी सूर्यमतीचं मन रमावं म्हणून, म्हणजे एका मोठ्या, जाणत्या, राज्यकारभार बघितलेल्या बाईसाठी. आणि त्याच ग्रंथात गुणाढ्याची ती जबरदस्त गोष्ट आहे, सातवाहन राजानं त्याच्या कथा पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत म्हणून नाकारल्या, मग हा रानात जाऊन एकेक पान जनावरांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो, जनावरं चरणं सोडून रडत ऐकतायत, सात लाख श्लोकांतले सहा लाख जळून जातात तेव्हा कुठे राजाला जाग येते. कथा नाकारल्याचं एवढं दुःख पोरांच्या गोष्टीसाठी कोण करेल?

मग या पोरांच्या कधी झाल्या? ग्रिम बंधूंचा पहिला खंड १८१२ चा, त्यात चित्रं नव्हती, मागे विद्वानांसाठी टिपा होत्या, आणि तो फारसा खपला नाही. १८२५ मध्ये त्यांनी पन्नास निवडक गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, धाकट्या भावानं काढलेली चित्रं घालून, ती मात्र घरोघर गेली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोलकिननं १९३९ च्या एका व्याख्यानात म्हटलंय की परीकथा पोरांच्या खोलीत गेल्या त्या जुनं लाकडी सामान जातं तशा, मोठ्यांना नको झालं म्हणून, पोरांनी मागितलं म्हणून नव्हे. हे तुमच्या चिरंजीवांना वाचून दाखवा, आणि जमलंच तर विचारा की गीतेतसुद्धा एक माणूस ऐन रणांगणात प्रश्न विचारतोय आणि समोरचा विश्वरूप दाखवतोय, तर याला काय म्हणायचं. जाऊ दे, भांडण लावायचं नाहीये मला.

आता चिडचिडीचं. हा प्रश्न मला फार आवडला, कारण माझंही तसंच होतं आणि बरीच वर्षं हे डोक्यात घोळतंय. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. जे नवं रूप गोष्टीतली भीती काढून टाकतं ते फसतं. जे भीती तशीच ठेवतं पण ती कुणाची आणि कशाची हे बदलतं, ते चालतं. उदाहरणार्थ इंग्रज लेखिका अँजेला कार्टर. तिचा १९७९ चा 'द ब्लडी चेंबर' हा संग्रह तुम्ही वाचला नसेल तर आधी तो वाचा, पण रात्री नको. निळ्या दाढीवाल्या नवऱ्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, बायकोला किल्ल्या देतो, एक खोली उघडू नकोस म्हणतो, खोलीत आधीच्या बायकांची प्रेतं. पेरोच्या गोष्टीत शेवटी भाऊ येऊन सोडवतात. कार्टरकडे आई येते. घोड्यावर बसून, समुद्राला भरती आलेली असताना, हातात रिव्हॉल्व्हर घेऊन, आणि सरळ गोळी घालते. खोली तशीच आहे, रक्त तसंच आहे, नवरा तर पूर्वीपेक्षा जास्त भयंकर, पण पोरीला वाचवायला कोण येऊ शकतं याचं उत्तर बदललं. हे वाचताना मला वाटलं, हे तीनशे वर्षं कुणाला कसं सुचलं नाही!

उलट आता एक साथच आलीय, प्रत्येक खलनायिकेला लहानपणीचं दुःख द्यायचं. चेटकीण वाईट का तर तिला कुणीतरी फसवलं, लांडगा वाईट का तर त्याचं रान तोडलं. २०१४ च्या त्या 'मॅलेफिसेंट' सिनेमात झोपलेल्या राजकन्येला शाप देणारीच नायिका केली, तिचे पंख तिच्या प्रियकरानं कापले म्हणून ती तशी झाली. त्यात शेवटी राजपुत्राच्या चुंबनानं काही होत नाही आणि शाप देणारीच्याच चुंबनानं मुलगी जागी होते, हा भाग मला मनापासून आवडला, खोटं कशाला बोलू, पण तोपर्यंत तिची भीती पार उडून गेलेली असते. तिचं दुःख समजलं हे ठीक, पण मग मी घाबरू कुणाला? राक्षसाचा जीव पोपटात असतो, तो तिथेच राहू दे ना. तुमच्या रशियन पुस्तकातल्या कोश्चेईचा जीव सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत, आणि पेटी दूर बेटावरच्या ओकाच्या झाडाखाली. तो असा का झाला हे कुणी सांगत नाही आणि आपण विचारतही नाही, आपल्याला फक्त ती पेटी कधी सापडते याची घाई.

याच पद्धतीची पण जमलेली गोष्ट हवी असेल तर नील गेमनची स्नो व्हाइट, १९९४ ची, छोटीशीच. सांगणारी सावत्र आई आहे, म्हणजे इथेही खलनायिकेची बाजू, पण भीती कमी झालेली नाही, ती त्या गोऱ्यापान मुलीकडे सरकलीय. आणि लांबलचक कादंबरी हवी असेल तर नेओमी नोविकची २०१८ ची, गवताचं सोनं करून देणाऱ्या त्या बुटक्याच्या गोष्टीवरून सुचलेली, नायिका सावकाराची मुलगी. त्या जुन्या गोष्टीत सोन्याचा हिशेब मागणाऱ्यावर जो राग आहे तो युरोपात नेमका ज्यू सावकारांवर होता, हे तिनं ओळखून लिहिलंय. तुम्ही बँकेत होता म्हणजे त्यातली वसुलीची प्रकरणं तुम्हाला जास्तच भावतील. यंत्राची सिंड्रेला म्हणजे बहुधा मरिसा मेयरची २०१२ ची, ती मलाही आवडते, तिचा बूट नाही तर अख्खा पायच जिन्यावर राहतो.

आणि पुढच्या वेळी ग्रुपमध्ये खरं नाव सांगा. दोघीतिघी तरी नंतर बाजूला घेऊन पुस्तक मागतील बघा.

ताई, माझी मुलगी पाच वर्षांची आहे. रोज रात्री गोष्ट हवी. तिच्या शाळेतून सूचना आलीय की मुलांना "पॉझिटिव्ह" गोष्टी सांगा, लांडग्याचं पोट फाडणं वगैरे नको, सावत्र आई नको. बायकोचं म्हणणं वेगळंच, राजपुत्राची वाट बघत झोपून राहणाऱ्या पोरींच्या गोष्टी आपल्या पोरीला सांगायच्याच नाहीत. दोघींचं ऐकलं तर माझ्याकडे उरतो फक्त ससा आणि कासव. काय करू?
– एक बाबा, मडगाव

ससा-कासवात पण एक जण हरतोच, शाळेला ते चालतंय का विचारून घ्या.

सावत्र आईचं प्रकरण मजेशीर आहे, ऐका. ग्रिमच्या १८१२ च्या आवृत्तीत स्नो व्हाइटला मारायला निघालेली तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडा म्हणणारीसुद्धा आधी सख्खीच आई, तिला सावत्र व्हायला १८४० उजाडलं. म्हणजे शाळेच्या त्या सूचनेसारखीच सूचना ग्रिमनी स्वतःच स्वतःला दिली होती, आई असं करूच शकत नाही म्हणून. खापर मात्र सावत्र आयांच्या डोक्यावर फुटलं ते आजतागायत. तुमच्या आसपास कुणी मुलगी सावत्र आईकडे वाढत असेल तर हा भाग सांगताना जपून सांगा, एवढंच शाळेचं मी मान्य करीन.

लांडगा मात्र ठेवा. पाच वर्षांच्या पोराला भीती माहीत असते, ती आपण शिकवत नाही, गोष्टीत फक्त तिला तोंड आणि शेपूट मिळते. बेडवर बाबाच्या कुशीत बसून घाबरायला मिळणं ही चैन आहे, पोरं म्हणूनच तर परत परत तीच गोष्ट मागतात. तिनं स्वतः "हा भाग नको" म्हटलं तर गाळा, तिच्या आधी तुम्ही गाळू नका.

आणि तुमच्या मिसेसना सांगा की वाट बघत झोपणाऱ्या पोरींखेरीज दुसऱ्याही भरपूर आहेत. आपली भोपळ्यातली म्हातारी घ्या. लेकीकडे निघाली, वाटेत वाघ, लांडगा, सगळे खायला टपलेले, आणि ही काय म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. परत येताना भोपळ्यात बसून चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. कुणी शिकारी नाही, राजपुत्र नाही, वयस्कर बाई एकटी आपल्या अकलेवर घरी पोचते. लाल टोपीवालीच्या शेजारी ही गोष्ट ठेवून बघा, पेरोच्या गोष्टीत तर लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट तिथेच संपते, पोट फाडून बाहेर काढणारा शिकारी ग्रिमकडे आला. एक रात्र ती, एक रात्र ही. पोरगी स्वतःच विचारेल की लाल टोपीवालीनं भोपळा का नाही घेतला.

मोठी झाली की तिला सेवंतीबाई सांगा. ती कोण, ते खालच्या पत्रात येतंय.

मॅडम, मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, लोकसाहित्यावर प्रोजेक्ट आहे. विषय घेतलाय "गोव्याची सिंड्रेला". गाईड म्हणतात असं काही नाहीये, विषय बदल. मला बदलायचा नाहीये. खरंच काही नाहीये का?
– एक विद्यार्थिनी, डिचोली

विषय बदलू नकोस, शीर्षक बदल. "गोव्याची सिंड्रेला" म्हटलंस की व्हायवाला पहिला प्रश्न येणार, कशावरून गोव्याची? आणि तिथेच अडकशील. त्यापेक्षा "छळलेल्या मुलीची गोष्ट आणि गोव्याचा परिसर" असं काहीतरी कर, मग तुझ्या हाती बराच माल आहे.

पहिला धागा म्हणजे अॅना लिबेराता दि सूझा. हे नाव तुझ्या गाईडना विचार. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी, ती १८६५ साली वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होती, सोबतीला बाई माणूस म्हणजे ही आया, अॅना. मुक्कामाला वेळ जात नव्हता तेव्हा मेरीनं तिला गोष्टी सांगायला लावल्या आणि लिहून घेतल्या. १८६८ मध्ये लंडनला पुस्तक निघालं, "ओल्ड डेक्कन डेज". वर नाव मेरी फ्रिअर, पण आत अॅनाची स्वतःची हकिकत पण छापलीय आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकातला तो सगळ्यात मोलाचा भाग. त्यात ती सांगते की तिच्या आजोबांचं घराणं लिंगायत, कालिकतकडचं, ते गोव्याजवळ येऊन राहिले आणि तिथे आजोबा ख्रिस्ती झाले. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या. म्हणजे बघ, लिंगायत घराणं, गोव्याजवळ झालेलं धर्मांतर, इंग्रज साहेबाच्या घरी नोकरी, आणि तोंडात राक्षस, राण्या आणि नागमणी. ही गोष्ट आता कुणाची म्हणायची? मला वाटतं तुझा प्रोजेक्ट खरं म्हणजे या प्रश्नाचाच आहे.

त्या पुस्तकात सोडेवाबाई म्हणून एक राजकन्या आहे (स्पेलिंग मेरीचं, मूळ नाव काय असेल ते तू शोध), तिचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या मण्यांच्या माळेत असतो. डोंगरावर फुलं तोडताना तिची चपला दरीत पडते, एका राजपुत्राला सापडते, आणि तो त्या चपलेवरून तिला शोधतो. घे, सिंड्रेला. पण लगेच उड्या मारू नकोस, अॅना इंग्रजांच्या घरात वावरलेली बाई, चपला तिच्याकडे आजीकडून आली की साहेबाच्या पोरांच्या पुस्तकातून, हे तुला विचारायलाच हवं. त्यावर उत्तर द्यायला चीन कामाला येईल, तिथे नवव्या शतकातल्या एका ग्रंथात ये शिएन नावाच्या मुलीची गोष्ट आहे, सावत्र आई, जादूचा मासा, हरवलेला बूट, सगळं आहे, पेरोच्या आठशे वर्षं आधी. १८९३ मध्ये मॅरियन कॉक्स या बाईंनी सिंड्रेलाची ३४५ रूपं गोळा करून पुस्तक काढलं होतं, तेसुद्धा बघ.

सेवंतीबाई अॅनाच्याच पुस्तकातली. ती पुरुषवेष घालून घोड्यावर बसते, राक्षसाशी लढते, पण जिंकलेल्या राजकन्या शेवटी नवऱ्याला आणून देते, ते तुला आवडणार नाही, मलाही आवडत नाही, तरी लिही. आणि सूर्याबाईची गोष्ट सोडू नकोस, राक्षसाचं नख हातात रुतून ती मेल्यासारखी पडते आणि राजा ते काढतो तेव्हा जागी होते. झोपलेल्या राजकन्येची सूत कातण्याची चाती आणि हे नख शेजारी शेजारी ठेव, एक पूर्ण प्रकरण होईल. हे पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं, कॉपीराइट कधीच संपलाय. २००२ साली नवी आवृत्ती आली तिला मानववंशशास्त्रज्ञ किरिन नारायण यांची प्रस्तावना आहे, ती मिळाली तर मिळव, पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी कर.

दुसरा धागा शेजारचा, कर्नाटकातला. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी हंची या कन्नड गोष्टीवर लिहिलंय. हिचे केस सोन्याचे, ते लपवायला ती चेहऱ्यावर मातीचा मुखवटा घालून दुसऱ्याच्या घरी राबते. हिच्याकडे काचेचा बूटबिट काही नाही.

आणि तिसरा धागा तुझ्या घरात आहे गो. श्रावणात तुमच्याकडे आयतार, म्हणजे रविवार, पूजतात ना, पातोळ्या होतात, कहाण्या वाचतात? त्यातली सोमवारची शिवामुठीची कहाणी काढ. आटपाट नगर, राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात आणि वसा सांगतात. पुढे राजा तिचा देव बघायला जातो तर देऊळ रत्नांनी मढलेलं, राजा पागोटं काढून खुंटीवर ठेवतो, तळं बघायला जातो, तेवढ्यात देऊळ नाहीसं. पागोटं राहिलं म्हणून परत येतो तर लहानसं देऊळ, पिंड, आणि खुंटीवर त्याचं पागोटं. नावडती आवडती होते. आता विचार कर, सिंड्रेलात राजपुत्राच्या हाती मुलीचा बूट राहतो, इथे सासऱ्याचं पागोटं मुलीच्या देवाकडे राहतं. तिथे मुलीला शोधून तिचा पाय मापायचा, इथे सासऱ्यालाच परत यायला लागतं, आणि मुलगी काय मागते तर सासू-सासरे, दीर, नणंदा-जावा, सगळ्यांना मी आवडती होऊ दे. लग्न कथेच्या आधीच झालंय, प्रश्न आहे तो लग्नानंतरच्या घराचा! गाईडना हे सांग आणि त्यांचा चेहरा बघ.

गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांकडून गोष्टी रेकॉर्ड कर, सांगताना मध्ये दुरुस्त करू नकोस, एकीनं पागोट्याऐवजी दुसरंच काही सांगितलं तर तेच लिहून घे. कोंकणीत सांगितलं तर कोंकणीतच उतरव, जयंती नाईक यांनी लोकसाहित्याचं केवढं काम केलंय ते आधी वाचून जा म्हणजे काय विचारायचं ते कळेल.

बाय, हल्ली नेटफ्लिक्सवर नातवंडं बघतात त्या गोष्टींची पार वाट लावलीय. राजकन्या तलवार घेऊन फिरते, राजपुत्र मूर्ख, कुणी कुणाला चुंबन देऊन जागं करत नाही. मूळ गोष्ट मूळच राहायला हवी असं माझं स्पष्ट मत.
– एक आजोबा, पेडणे

आजोबा, तुम्ही पेडण्याचे, म्हणून तुम्हालाच उलटं विचारते. जत्रेला रात्रभर दशावतार बघता ना? आख्यान पुराणातलं, पण संवाद कुठे लिहिलेले असतात? राजा आणि राक्षस उभ्या उभ्या जागेवरच बोलतात, काल एका गावात वेगळं बोलले, आज तुमच्याकडे वेगळं. शंकासुर तर वेद चोरायला आलेला असुर, आणि तो गावच्या पंचायतीवर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलून जातो, तेव्हा तुम्ही उठून म्हणता का की मत्स्यपुराणात हे नाहीये? उलट त्यानं तेच जुनं बोलून दाखवलं तर लोक म्हणतात यंदाची पार्टी कमी पडली.

आणि चुंबनाचं म्हणाल तर ग्रिमच्या स्नो व्हाइटमध्ये चुंबन नाहीच. काचेची पेटी नेणारे नोकर अडखळतात, धक्क्यानं घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती उठून बसते. चुंबन आलं १९३७ च्या डिस्नेच्या सिनेमात. बेडूक राजपुत्राच्या गोष्टीत तर राजकन्या बेडकाला भिंतीवर आपटते. तेव्हा तुम्ही जिला मूळ म्हणताय ती तुमच्या लहानपणी सिनेमावाल्यांनी सांगितलेली. त्यांची तुम्हाला चालली, नातवंडांची त्यांना चालू दे. मूर्ख राजपुत्राचं मात्र मी तुमच्या बाजूनं, एकाला शहाणं दाखवायला दुसऱ्याला बावळट करायचं हा आळशी लेखकांचा धंदा.

ताई, मी एक गोष्ट लिहिलीय, झोपलेल्या राजकन्येची, पण गोव्यात. शंभर वर्षं झोपलेला वाडा म्हणजे शापोराकाठचं एक बंद घर, वारस सगळे पोर्तुगालला आणि मुंबईला. शाप देणारी ही घरातलीच एक आत्या, जिचं लग्न केलं नाही. चेटकिणीच्या लहानपणापासून सुरुवात केलीय. कशी सुधारू?
– एक लेखिका, फोंडा

वाडा उत्तम. वारसांची भानगड अडकल्यामुळे बंद पडलेली घरं गोव्यात कुठल्याही रस्त्यावर दिसतात, त्याला शाप म्हणणं मला लगेच पटलं. काट्यांच्या कुंपणाऐवजी काय वाढलंय ते नीट बघून लिहा, नुसतं रान माजलं म्हणू नका, कुठली वेल, कुठलं झाड, ते पाहिजे.

आत्याचं लहानपण काढून टाका. पहिली चार पानं असतील तर चारही. ती दारात येऊन शाप देते तिथून सुरू करा. तिचं लग्न का झालं नाही हे एका वाक्यात कुणा नोकराच्या तोंडून येऊ दे, किंवा येऊच देऊ नका. आणि शेवटी कोण येऊन दार उघडतो? सर्व्हेवाला, बिल्डर, पुतणी? ते पत्रात लिहिलं नाहीत, म्हणजे अजून ठरलेलं नाही असं दिसतंय. तेच आधी ठरवा, बाकी गोष्ट त्याच्यामागून येईल.

झाली की पाठवा. युनिकोडमध्ये टाइप करून, पीडीएफ नको, आणि शीर्षकात "शापित" हा शब्द नको, या वर्षी तो फार झालाय.